वही मिटण्याची वेळ

आमचे वडील आदिलाबादच्या एका अडत दुकानी मुनीम होते. कापसाचा हंगाम लागला, म्हणजे दिवाळीपासून थेट शिमग्यापर्यंत, दुकानाचे काम दुकानात संपत नसे. लाल कापडी बांधणीची रोजमेळाची लांबट वही त्यांच्या बगलेतून घरी येई. ओसरीवर घोंगडी अंथरून, कंदिलाची काच धोतराच्या सोग्याने पुसून, ते जमा-नावे ताडून पाहत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही, असा घरचा अलिखित कायदा होता. मात्र आतून ताटे मांडल्याचा आवाज आला की वही मिटत असे. मेळ बसला असो वा नसो, ती मिटत असे. १९६४ च्या हिवाळ्यातली एक रात्र मला स्पष्ट आठवते. तेरा रुपये आणि काही पैशांची तूट लागत होती, आणि तेरा रुपये ही त्या काळी मुनिमाच्या उशाशी येऊन बसावी अशी रक्कम होती. वडिलांनी दोन वेळा बेरीज घेतली. तिसऱ्यांदा घेतली नाही. कागदाचा एक तुकडा फाडून त्यावर दोन ओळी लिहिल्या: कोणत्या पानावर शंका आहे, आणि उद्या बाजार उघडण्याआधी कोणाला विचारायचे. चिठ्ठी वहीत घातली, वहीला दोरी गुंडाळली आणि ते हात धुवायला उठले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. “बाबा, आता तुम्हांला झोप कशी येणार?” असे मी विचारले. ते म्हणाले, “तेरा रुपये आता चिठ्ठीकडे आहेत. माझ्याकडे नाहीत.”

त्या वयात मला हे उत्तर पळवाटीचे वाटले. सुटत नाही ते उदाहरण सोडून उठणे म्हणजे हार मानणे, असा माझा बाणा होता आणि पुढे मी गणिताचा शिक्षक झाल्यावर तो बाणा अधिकच पक्का झाला. वडील मात्र साडेनऊला आडवे होत आणि आई त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी फिरवू लागली की पाच-सात मिनिटांत त्यांचे घोरणे ऐकू येई. वाटी काळी पडते ती अंगातली उष्णता ओढून घेते म्हणून, असे आई सांगे. काळी पडते ती तूप आणि कासे यांच्या घर्षणाने, हे मी तिला विज्ञानाच्या भाषेत समजावून सांगितले होते आणि तिने ते हसण्यावारी नेले होते. त्या वाटीकडे मला पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण वाड्यांतून गेले, त्यांना त्या घरांतील संध्याकाळची मांडणी आठवत असेल. दिवेलागणीला शुभंकरोती, त्यापाठोपाठ परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे पाढे म्हणताना जिभेबरोबर डोकेही शिणत असे, कारण मध्येच एखादे उलटे विचारले जाई. पण हा सगळा शीण तिन्हीसांजेच्या वाट्याचा. जेवणानंतर कोणी पाढे विचारीत नसे. तेव्हा गोष्ट असे, तीही ऐकलेलीच. कोल्हा कोठे फसणार हे ठाऊक असलेली गोष्ट. रॉकेल महाग, म्हणून दिवा लवकर मालवला जाई हे खरे. ही मांडणी कोण्या शहाण्याने विचारपूर्वक केली होती असा माझा दावा नाही. तेलाच्या टंचाईने आम्हांला जे दिले, ते विजेच्या सुबत्तेने नेले, एवढेच म्हणता येईल.

आता माझ्या हातून घडलेले. जिल्हा परिषदेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षे गणित शिकविले. दहावीच्या वर्गाला रोज एक कठीण उदाहरण घरी देत असे आणि त्याचे नाव मीच ठेवले होते, ‘रात्रीचे गणित’. “अंथरुणावर पडल्यावर यावर विचार करा, झोपेत डोके काम करते,” असे मी सांगत असे, आणि देवी स्वप्नात येऊन सूत्रे दाखविते असे म्हणणाऱ्या रामानुजनांची साक्षही काढीत असे. एकदा एक आई शाळेत आली. तिचा मुलगा रात्री उठून बसतो आणि ‘समद्विभुज, समद्विभुज’ असे पुटपुटतो, अशी तिची तक्रार होती. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यावर खूप हसलो. तो मुलगा परीक्षेत उत्तम उत्तीर्ण झाला, म्हणून ती गोष्ट माझ्या कीर्तीत जमा झाली. त्याची ती रात्र कोणाच्या नावे पडली, हे तेव्हा मनात आले नाही.

मला स्वतःला झोपेचे दुःख असे कधी नव्हतेच. २०११ मध्ये सेवानिवृत्त झालो तोवर आणि त्यानंतरही पाठ टेकली की झोप, असा क्रम होता. निद्रानाश हा मला पुस्तकी आजार वाटे. ज्यांना दुसरे काम नाही त्यांचा.

२०१७ च्या सप्टेंबरात तेलंगणात जमिनीच्या नोंदींची गावोगाव तपासणी सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी जिल्ह्याचे चार जिल्हे झाले होते, कचेऱ्या हलल्या होत्या, आणि आता कोणाच्या नावे कोणता सर्व्हे नंबर हे नव्याने ताडून पट्टादार पासबुके मिळणार होती. आमची शेती बेला मंडलात, पैनगंगेच्या अंगाला. ती धाकटा भाऊ पाहतो. घरातली कागदांची लाकडी पेटीही आईवडिलांच्या मागे त्याच्याकडेच होती. तो एके दिवशी ती पेटी जीपमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, “दादा, यातले काय कामाचे ते तूच बघ.”

आपल्यासारख्या घरांच्या अशा पेट्या म्हणजे या मुलखाचा अर्धा इतिहास असतो. निजामी अमदानीत दप्तराची भाषा उर्दू; सावकाराशी आणि भाऊबंदांशी व्यवहार मोडीत; १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले, आपण इकडे राहिलो, आणि मग कागद तेलुगू झाले. आमच्या पेटीत सगळ्यात वर १९५४-५५ च्या खासरा पहाणीचे उतारे होते, त्याखाली उर्दू शिक्क्यांचे कागद आणि तळाशी एका जीर्ण फडक्यात मोडीची चौदा पाने. उर्दू मला येत नाही. तेलुगू अक्षरे ओळखतो. मोडी मात्र वडिलांनी मला शिकविली होती, मुनिमाच्या मुलाला ती यावी म्हणून. साठ वर्षांत तिचा उपयोग पडला नव्हता.

मोडी वाचणे म्हणजे काय, हे ज्यांनी वाचली आहे त्यांनाच कळेल. आधी पानभर शिरोरेषा ओढून ठेवायची आणि मग लेखणी फारशी न उचलता तिच्या खाली अक्षरे गुंफीत जायची, ही तिची रीत. शब्द कोठे संपला आणि कोठे सुरू झाला हे कागद सांगत नाही, वाचणाऱ्याने ठरवायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हात घाईचा असेल तर एकाच अक्षराची एकाच पानावर तीन रूपे सापडतात. अशा वेळी एका ओळीला पाव तास लागतो आणि त्या पाव तासात दुसरे काही मनात आले तर ओळ हातची जाते. दिवसा घरात ये-जा, नातवंडे, दूरदर्शन. म्हणून मी रात्रीची वेळ धरली. दहाला बसायचे, बारा-एकला उठायचे. भिंग, टेबलावरचा दिवा आणि समोर आजोबांच्या काळचा कागद. खोटे कशाला बोलू, मला त्यात आनंद होत होता. सेवानिवृत्तीनंतर प्रथमच डोक्याला पूर्ण काम मिळाले होते.

आडवा झालो की मात्र अक्षरे सुरू होत. डोळे मिटले की काळ्या पडद्यावर शिरोरेषा ओढली जाई आणि तिच्याखाली लफ्फेदार वळणे उजवीकडे धावू लागत. वाचू गेलो तर काही लागत नसे, न वाचावे तर थांबत नसत. दोन वाजल्याचे टोल ऐकू येत, तीनचेही. पहाटे कधीतरी डोळा लागे तो सात वाजता उघडे, आणि दिवसभर डोके कापसाने भरल्यासारखे. या गोष्टीला नाव आहे, हे मला नंतर कळले. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये काही माणसांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ दिवसांमागून दिवस खेळायला लावला आणि डोळा लागताना त्यांना काय दिसते हे विचारले. अनेकांना ठोकळे खाली पडताना दिसत होते. त्यांत मेंदूला इजा होऊन नवे काही लक्षात राहीनासे झालेलेही काही जण होते. आपण तो खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, आणि तरी त्यांच्यापैकी काहींच्या मिटल्या डोळ्यांपुढे ठोकळे पडत होते. लक्ष एकदा एखाद्या वस्तूला जुंपले की धन्याने खाली उतरल्यावरही बैल काही पावले चालत राहतो, तसेच हे आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी त्या कागदाशी आलो. फसली १३४५, म्हणजे इसवी सन १९३५-३६. आजोबांनी नाल्याकाठचे आंब्याचे शेत एका सावकाराकडे हाली सिक्क्याच्या रुपयांत गहाण ठेवले होते. रात्रीचा एक वाजून गेला होता. पान मी शेवटपर्यंत वाचले. गहाण सोडविल्याचा शब्द कोठे नव्हता. उलटून पालटून पाहिले, निदान पाहिले असे मला तेव्हा वाटले. त्या रात्री झोप अशी लागलीच नाही. आता अक्षरे थांबली होती आणि त्यांच्या जागी हिशेब आला होता. सावकाराचे वंशज कोठे आहेत, उद्या ते उभे राहिले तर काय, वडिलांना हे ठाऊक होते काय, आणि ज्याच्या वाट्याला ते शेत आले त्या भावाने तीस वर्षे पेटी उशाशी ठेवून ती एकदाही कोणाला का दाखविली नाही? पहाटेपर्यंत त्या शेवटच्या प्रश्नाचे आरोपपत्र तयार झाले होते. उजाडताच मी त्याला फोन केला. काय बोललो ते येथे लिहिणार नाही. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, “दादा, बाबांनी मोडी तुला शिकवली. मला नाही.” आणि त्याने फोन ठेवला. त्या वर्षी दिवाळीला तो आला नाही. आईच्या मागे तसे प्रथमच घडले.

झोप नसलेल्या माणसाचा राग आणि झोप झालेल्या माणसाचा राग यांत फरक असतो, हे आता मला विज्ञानाच्या आधाराने सांगता येईल. पण माझ्या भावाला त्या सकाळी विज्ञान ऐकू आलेले नव्हते, माझा आवाज ऐकू आला होता.

दिवाळीनंतर आमच्या परिचयाचे एक डॉक्टर घरी फराळाला आले असताना माझी अवस्था पाहून त्यांनी विचारपूस केली. मी गोळी मागितली. त्यांनी दिली नाही. रात्री दहा ते एक तुम्ही काय करता, हे त्यांनी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले आणि मग म्हणाले की, शरीराने झोपेची तयारी केली आहे. तुम्ही डोक्याला ती करू देत नाही. मग पुढे ते काही वाचायला देत गेले, काही मी मिळविले, आणि शिक्षकाच्या खोडीने टिपणे काढीत गेलो.

जागेपणी मेंदूत झोपेचे ओझे साठत जाते आणि त्याच वेळी शरीरातले घड्याळ आपला निराळा ताल चालवीत असते. या दोहोंच्या मेळाने झोप येते, अशी मांडणी झुरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. या हिशेबाने तीन तास मोडी वाचून शिणलेल्या डोक्याला लवकर झोप यायला हवी. पण शीण आणि शांतता या दोन गोष्टी आहेत. थकलेला मेंदूही सावध असू शकतो. नव्हे, खिळलेले लक्ष त्याला सावध ठेवते. जपानमध्ये हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोजक्या तरुणांना एका रात्री चुरशीचा संगणकीय खेळ खेळू दिला आणि दुसऱ्या एका रात्री डोक्याला फारसे काम नसलेले कंटाळवाणे काम दिले. पडदाही कधी लख्ख, कधी मंद ठेवला. खेळाच्या रात्री झोप लागायला अधिक वेळ लागला. पडद्याच्या उजेडाने त्या प्रयोगात झोपेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माणसे थोडी, म्हणून यावर फार मोठी इमारत उभारू नये. उजेडाने शरीराचे घड्याळ पुढे-मागे सरकते हे इतर अनेक प्रयोगांतून दिसले आहेच. पण आजकाल सगळा दोष मोबाइलच्या निळ्या उजेडावर टाकून मोकळे होणाऱ्या माझ्या मुलाला मी हा प्रयोग मुद्दाम ऐकवितो. माझ्या टेबलावरचा दिवा पिवळा आणि मंद होता.

तथापि केवळ श्रम हाच दोषी, असेही मला म्हणवत नाही, आणि याबाबत माझा डॉक्टरांशी थोडा वाद आहे. त्या चौदा पानांत दोन पाने आमच्या घराण्याशी संबंध नसलेली होती. कोणाच्या तरी लग्नाच्या खर्चाची यादी. गूळ, तूप, पत्रावळी. तीही तितकीच किचकट, तितकाच वेळ घेणारी. ती वाचलेल्या रात्री अक्षरे धावली, पण अर्ध्या तासात विझली. यादी संपली होती. तिच्यात माझे कोणी अडकले नव्हते. गहाणखताच्या रात्री मात्र कागद मिटला तरी आतली वही उघडी राहिली. श्रमाने झोप तासभर पुढे गेली असेल. तिला परतवून लावले ते अपुरेपणाने.

अपुऱ्या कामाच्या या चिकटपणाकडे ब्लूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ मध्ये लक्ष वेधले. बर्लिनमध्ये तिने माणसांना लहान लहान कामे दिली आणि त्यांतली काही मध्येच थांबविली; थांबविलेली कामे त्यांना अधिक आठवत राहिली. पुढे इतरांनी हे प्रयोग केले तेव्हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठातून मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्यांनी सत्तावन्न तरुण माणसांना प्रयोगशाळेत झोपायला बोलावले. निजण्याआधी पाच मिनिटे अर्ध्यांनी येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहायची आणि अर्ध्यांनी उरकलेल्या कामांची. मला वाटले होते की उरकलेल्या कामांची यादी मनाला समाधान देईल. घडले उलट. करायची कामे लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी ती लवकर लागली. कोणते पान, कोणाला विचारायचे, बाजार उघडण्याआधी. त्र्याहत्तर साली गेलेले माझे वडील त्या पाच मिनिटांच्या प्रयोगात कधीच उत्तीर्ण झालेले होते. ते घाईने विझवीत नव्हते. चिठ्ठीवर उद्याचा पत्ता लिहीत होते.

आणि ती वाटी. बाझेलच्या कुर्ट क्रॉइखी यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखविले की हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून तिकडून उष्णता बाहेर पडू लागली की झोप लवकर लागते. पाय उबदार, तर शरीराचा गाभा थंडावतो. पौषात आपल्याकडे पारा एक आकडी होतो तेव्हा गार पडलेल्या तळपायांवर वाटी फिरविणाऱ्या आईने उष्णता ओढून घेण्याची जी भाषा वापरली, ती रसायनशास्त्रात चुकीची होती. शरीरशास्त्रात ती तितकीशी चुकली नव्हती. हे तिला सांगायची सोय आता उरलेली नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यातली आणखी एक गोष्ट मला पाळायला जड गेली. पडल्यावर झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत राहू नका, उठा. पुन्हा डुलकी येईल तेव्हा जा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेली ही रीत आहे. अंथरुणाशी जागेपणाची ओळख वाढू द्यायची नाही, हा तिच्यातला मथितार्थ. मी उठून देवघराजवळच्या पाटावर बसत असे. पहिल्या काही रात्री त्या पाटाशी माझी दाट ओळख झाली. पतंजलींनी झोपेला चित्ताच्या पाच वृत्तींत गणले आहे, हे तेथे बसल्या बसल्या आठवले. झोप ही नुसती रिकामी जागा असती तर तिला वृत्ती म्हणण्याचे कारण नव्हते. तीही चित्ताचे एक काम आहे आणि एका कामातून दुसऱ्यात जायला चित्तालाही उंबरठा लागतो, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला. शास्त्रीमंडळींनी तो गोड मानून घ्यावा.

रात्रीचे वाचन मी बंद केले. पेटी सकाळी उघडू लागलो, अकराच्या सुमारास, ओसरीत, सूर्याच्या उजेडात. चौथ्या दिवशी पुन्हा तेच गहाणखत समोर घेतले. कागदाच्या डाव्या अंगाला पाऊण बोटाची घडी होती, जुनी, कागदाच्याच रंगाची झालेली. ती मी रात्री पंधरा वेळा हाताळली असेन. उलगडली. आत समासात, वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईने दीड ओळ होती: रुपये पावले, शेत सोडले, आणि खाली निशाणी. वाचायला तीन मिनिटे लागली.

मी त्याच दुपारच्या बसने बेल्याला निघालो. वेचणीचे दिवस होते. वाटेने दोन्ही बाजूंना पांढरे शिवार. भाऊ शेतात होता, त्याच शेतात. भावजयीने घरातून निरोप पाठविला आणि मला म्हणाली, “भाऊजी, चहा घ्या आधी. ते येतील.” तिच्या बोलण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता, तो नसावा हेच योग्य होते. तो आला, पाय धुतले, बाजेवर बसला. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि माझी चूक झाली असे म्हणालो. थोरल्या भावाला हे म्हणण्याचा सराव नसतो. वाक्य अर्ध्यावर अडले. त्याने ते पुरे होण्याची वाट पाहिली नाही. “कुठल्या ओळीत आहे?” असे त्याने विचारले. मी बोट ठेवले. कापूस वेचून खरखरीत झालेले आपले बोट त्याने त्या दीड ओळीवरून सावकाश फिरविले, डावीकडून उजवीकडे, एकदा आणि पुन्हा एकदा. मग म्हणाला, “यातला ‘शेत’ कोणता?”

तेव्हापासून तो मोडी शिकतो आहे. आता त्याची सत्तरी झाली आहे. महिन्यातून दोनदा बाजाराच्या कामाने आदिलाबादला येतो तेव्हा दुपारी दोन ते चार आम्ही ओसरीत बसतो. त्याची अक्षरे वडिलांच्या वळणाची येतात, माझी कधी आली नाहीत. एकदा पाऊस लागला म्हणून तो मुक्कामाला राहिला होता. जेवणानंतर उत्साहाने मीच एक पान काढले. त्याने ते माझ्या हातातून घेऊन फडक्यात ठेवले आणि नऊला पांघरूण ओढून घेतले.

पासबुक त्याच्या नावे रीतसर आले. पेटीतला एक उर्दू कागद मात्र अजून लागलेला नाही. ज्यांना ती लिपी आणि त्या काळची दप्तरी भाषा दोन्ही येतात असे एक वृद्ध गृहस्थ निर्मलला आहेत, असे कळले आहे. त्यांचे नाव आणि थंडी ओसरली की जायचे, असे लिहिलेली चिठ्ठी मी त्या कागदावर टाचून ठेवली आहे.